अभ्यासाला बसवण्याचा इतिहास: बेळगाव-निपाणी सीमाभाग

बेळगाव आणि निपाणी परिसरात मुलांना अभ्यासाला लावण्याची साधने गेल्या दोनशे वर्षांत अनेकदा बदलली. पंतोजीच्या छडीनंतर डिपोटीची, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टरची, तपासणी आली. तिची दहशत ओसरू लागली तेव्हा वसतिगृहातली जागा आणि शिष्यवृत्ती ही आमिषे आली, आणि पुढे गुणवत्ता यादी, शिकवणी व सत्कार समारंभ. या प्रत्येक साधनाचा जोर मात्र एकाच गोष्टीवर ठरत गेला: परीक्षा पास झालेल्या मुलाला पुढे जायला वाट आहे की नाही. दोन भाषांच्या आणि नंतर दोन राज्यांच्या सांध्यावरच्या या मुलखात ती वाट कधी कोल्हापूरकडे, कधी धारवाडकडे, कधी पुण्या-मुंबईकडे वळली. ती वळली की घरोघरच्या अभ्यासाचे माध्यमही बदलत गेले.

इंग्रजी अमलापूर्वी इथे परीक्षा अशी नव्हती. देवळाच्या सभामंडपात किंवा एखाद्या सावकाराच्या ओसरीवर पंतोजी शाळा भरवी. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, मग मोडीचा कित्ता, मग हिशेब, असा क्रम असे. अंकांचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करावी लागे, कारण बाजारात मापे आणि व्याज याच अपूर्णांकांत चालत. संध्याकाळी दिवेलागणीला घरी परवचा म्हटला जाई. पंतोजीला पगार नसे. धान्य, सणासुदीचा शिधा आणि दसऱ्याच्या पाटीपूजनाची दक्षिणा यांवर त्याचा संसार चाले. शिस्तीसाठी छडी होती, अंगठे धरणे होते, कोंबडा होता. या शिक्षांच्या आठवणी पुढच्या पिढ्यांनी चवीने सांगितल्या असल्या, तरी केवळ भीतीने मूल वर्षानुवर्षे शाळेत टिकत नाही. कुलकर्ण्याच्या मुलाला वडिलांचे दप्तर चालवायचे होते आणि वाण्याच्या मुलाला दुकानाची वही. पटवर्धनांच्या सांगली संस्थानात असलेले शहापूर असो की निपाणकर नाईक-निंबाळकरांची जहागीर असो, दप्तर मोडीत असे, आणि पेठेत मात्र कानडीही बोलावी लागे. ज्यांच्या घरी दप्तर नव्हते आणि दुकानही नव्हते, त्या कुणबी, कारागीर आणि अस्पृश्य जातींच्या मुलांना या शाळेत कोणी बोलावत नव्हते. आपणहून आलेल्यांनाही बहुधा जागा नव्हती. मुलींचा तर प्रश्नच नव्हता.

१८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला. १८३६ मध्ये धारवाडपासून तोडून बेळगावचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १८३९ मध्ये सिद्धोजीराव निपाणकरांच्या मृत्यूनंतर निपाणीची जहागीर खालसा झाली. त्याआधीच, १८२० पासून, लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावात काम करत होते. या मिशनने १८३२ मध्ये काढलेली इंग्रजी शाळा पुढे बेनन स्मिथ हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. १८४८ मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तीच आजचे सार्वजनिक वाचनालय. शतकाच्या मध्याला दक्षिण मराठा मुलखातल्या सरदारांच्या देणग्यांवर सरदार हायस्कूल उभे राहिले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झाले आणि १८५९ मध्ये पहिली मॅट्रिक झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याच परीक्षेत उत्तीर्ण झाले. रानड्यांचे शालेय शिक्षण कोल्हापुरात झालेले असल्याने बेळगावकडच्या सुशिक्षित घरांना हा दाखला परका वाटण्याचे कारण नव्हते. १८६६ पासून मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यांसाठी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती सुरू झाली आणि इलाखाभरच्या हायस्कुलांतल्या हुशार मुलांपुढे एक नेमके लक्ष्य उभे राहिले.

बहुसंख्य मुलांचा मॅट्रिकशी संबंध येत नसे. त्यांची परीक्षा म्हणजे मराठी किंवा कानडी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल, लोकांच्या तोंडी मुलकी. ती पास झालेल्याला प्राथमिक शाळेत मास्तर होता येई, तलाठी किंवा कारकून म्हणून चिकटता येई. घरात एक पगार सुरू होणे म्हणजे काय, हे कोरडवाहू शेतीवर आणि सावकाराच्या मुदतींवर जगणाऱ्या कुटुंबाला वेगळे समजावून सांगावे लागत नव्हते. मुलकी पास माणसाला गावात मानही मोठा. कोर्टाचे समन्स आणि मुंबईहून आलेली मनिऑर्डरीची चिठ्ठी तोच वाचून दाखवी. मॅट्रिकची झळाळी शहरी होती. खेड्यातल्या अभ्यासाला मात्र जवळजवळ शतकभर मुलकीनेच रेटा दिला, आणि शिक्षणाच्या इतिहासात तिच्या वाट्याला आलेली जागा त्या मानाने फारच थोडी आहे.

या काळातल्या शाळेचे वर्ष डेप्युटी इन्स्पेक्टरच्या भेटीभोवती फिरे. डिपोटी येणार अशी वर्दी आली की भिंती सारवल्या जात, दाराला आंब्याचे डहाळे लागत, मुले धुतलेले कपडे घालून येत. तोंडी हिशेब, नकाशातली गावे, कवितांचे पाठांतर आणि शुद्धलेखन घेतले जाई. त्यात मुलांइतकीच मास्तरांचीही परीक्षा असे. १८६० च्या दशकात खाजगी शाळांना निकालावर अनुदान देण्याची पद्धत इलाख्यात सुरू झाल्यावर हे नाते उघडच पैशाचे झाले: जितकी मुले तपासणीत उतरतील तितकी रक्कम. त्यामुळे तपासणीआधी जादा तास आणि ठराविक उत्तरांची घोकंपट्टी यांचा पाया घातला गेला, कच्च्या मुलांना त्या दिवशी घरी ठेवण्याचा मोहही त्यातूनच आला. १९०४ च्या सरकारी ठरावानंतर ही पद्धत मागे पडली. तिची सवय मात्र गेली नाही.

निकालावर अनुदान सुरू झाले त्याच सुमारास माध्यमाचा प्रश्नही पहिल्यांदा ठळक झाला. मुंबई इलाख्याच्या कानडी भागातही सुरुवातीच्या सरकारी शाळांत मराठीचे वर्चस्व होते. १८६० च्या दशकात धारवाडच्या शिक्षण खात्यातले अधिकारी आणि पुढे ‘डेप्युटी चन्नबसप्पा’ म्हणून ओळखले गेलेले शिक्षक यांनी कानडी शाळा वाढवल्या. बेळगाव, चिकोडी, खानापूर या तालुक्यांत मग एकाच गावात दोन शाळा, मराठी आणि कानडी, हे चित्र रूढ झाले. पालक निवड करताना फक्त घरची बोली पाहत नसत. कानडी शिकलेल्या मुलाला ट्रेनिंगसाठी धारवाड जवळचे होते, तर मराठी शिकलेल्याला कोल्हापूर आणि पुणे. घरी कानडी बोलणाऱ्या अनेक जैन व लिंगायत कुटुंबांतली मुले मराठी शाळेत गेली, ती याच हिशेबाने.

विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासाला खरी चालना दिली ती वसतिगृहांनी. त्यांची कथा निपाणीच्या दोन्ही अंगांनी जाते. उत्तरेला जेमतेम चाळीस किलोमीटरवर कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. त्याच धर्तीवर जैन, लिंगायत, मुस्लिम आणि इतर समाजांची वसतिगृहे निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड होता. निपाणीच्या वेशीला लागून असलेल्या कागलकडच्या गावांत ही सक्ती, आणि इंग्रजी मुलखातल्या निपाणीत ती नाही, असा प्रकार काही वर्षे होता. गाव कोणाच्या हद्दीत यावर मुलाची पाटी ठरण्याची ही पहिली वेळ. शेवटची मात्र नव्हे.

दुसरे अंग स्थानिक आहे. निपाणीजवळच्या स्तवनिधी या जैन क्षेत्रावर १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली. यात्रेला जमणाऱ्या शेतकरी जैन समाजाला मुले शिकवण्यासाठी पैसा उभा करायला सांगणे, हा तिच्या कामाचा गाभा होता. सभेने शिष्यवृत्ती निधी काढला आणि कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी इथे बोर्डिंगे चालवली. तिच्या संस्थापकांपैकी अण्णासाहेब लठ्ठे हे पुढे बेळगावात वकिली करत होते आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. बोरगाव, सदलगा, चिकोडीकडच्या शेतकऱ्यांना आपल्या मुलाने किती शिकावे याचे उदाहरण पुस्तकात शोधावे लागत नव्हते. ते सभेच्या व्यासपीठावरच बसलेले असे.

लिंगायत समाजातही हीच यंत्रणा उभी राहत होती. शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ मध्ये वारले तेव्हा त्यांनी आपली इस्टेट समाजातल्या गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली होती. नवलगुंद-शिरसंगी ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या तिच्यातून निघाल्या. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी सात शिक्षकांनी बेळगावात एक शाळा काढून कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीची, म्हणजे केएलईची, सुरुवात केली आणि १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज उघडले. मराठा समाजासाठी मराठा मंडळाने शाळा काढल्या. १९४५ मध्ये साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीचे राणी पार्वतीदेवी कॉलेज आले. पु. ल. देशपांडे काही काळ तिथेच शिकवत होते.

अस्पृश्य मुलांच्या बाबतीत वसतिगृह ही सोय नव्हती, शिकण्याची पहिली अट होती. गावच्या शाळेत बाहेर बसावे लागणारा मुलगा हायस्कुलापर्यंत पोचला, तरी शहरात त्याला खोली कोण देणार, हा प्रश्न उरेच. एप्रिल १९२५ मध्ये निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषदेचे अधिवेशन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले होते. १९२९ मध्ये धारवाडला वसतिगृह सुरू झाले. त्याची व्यवस्था पाहणारे बळवंतराव वराळे यांचे कुटुंब निपाणीशी जोडलेले होते.

वसतिगृहांनी अभ्यासाला एक नवी लय दिली. पहाटेची घंटा, ठराविक वेळी एकत्र वाचन, दिव्याच्या तेलाची काटकसर, वरच्या वर्गातल्या मुलाने खालच्याला शिकवणे. नापास होणाऱ्याची जागा किंवा शिष्यवृत्ती जाण्याची धास्ती असे. बापाचा धाक गावी राहिला होता, त्याची जागा बरोबरीच्या मुलांच्या स्पर्धेने आणि समाजाच्या पैशाच्या ओझ्याने घेतली. या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. जातवार वसतिगृहांमुळे शिकलेला तरुण आपापल्या समाजाचा ऋणी झाला आणि निकालाच्या यादीत आपले किती, त्यांचे किती, असे मोजण्याची सवय लागली. तरीही ज्यांच्या घरी वाचणारे कोणीच नव्हते, अशा मुलांसाठी या जिल्ह्यात यापेक्षा परिणामकारक उपाय दुसरा झालेला नाही.

मुलींना वाट मिळाली ती उशिरा, आणि तीही बव्हंशी एकाच दारातून. फायनल पास होऊन ट्रेनिंग कॉलेज आणि मग शिक्षिकेची नोकरी, एवढाच मार्ग मध्यमवर्गीय घराला मानवणारा होता. कवयित्री इंदिरा संत बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत होत्या आणि प्राचार्य म्हणून निवृत्त झाल्या. अशा बाई समोर दिसणे, हे मुलीला पुस्तकापाशी बसवायला कोणत्याही उपदेशापेक्षा उपयोगी पडले असणार.

१९४९ मध्ये मुंबई प्रांतात मॅट्रिकची जागा एस. एस. सी.ने घेतली. अकरावीची ही परीक्षा पुण्याच्या मंडळाकडे होती आणि बेळगावच्या मराठी शाळांतली मुले ती मराठीतून देत. बोर्डात येणे, म्हणजे मंडळाच्या गुणवत्ता यादीत झळकणे, हे त्या काळातले स्वप्न. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर आणि कारवारकडचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि या स्वप्नाचा पत्ता बदलला. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी, खानापूर आणि नंदगडसह काही गावे महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूरला असे सुचवले. तेही अमलात आले नाही. मराठी शाळा चालू राहिल्या, घटनेच्या ३५०अ कलमाने त्यांना आधारही दिला. पण परीक्षा घेणारे मंडळ, नोकरीची भाषा आणि सरकारी अर्ज सगळे बेंगळुरूकडे गेले. मराठीत उत्तम गुण मिळवणाऱ्या मुलाला आपल्याच जिल्ह्याच्या कचेरीत कानडीवाचून जागा नाही, हे वास्तव शिक्षकांना वर्गात समजावून सांगावे लागू लागले.

निपाणीने यावर काढलेला तोडगा अजून उभा आहे. १९६० मध्ये तंबाखूचे व्यापारी देवचंद शाह यांच्या पुढाकाराने जनता शिक्षण मंडळाने कॉलेज काढले, ते निपाणीत नव्हे, तर वेशीबाहेर, कागल तालुक्यातल्या अर्जुननगरला. गावापासून चालत जाण्याइतके जवळ, पण महाराष्ट्राच्या हद्दीत. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि देवचंद कॉलेज त्याला जोडले गेले. निपाणीचा मुलगा दहावीपर्यंत कर्नाटकच्या मंडळाचा आणि नंतर महाराष्ट्राच्या विद्यापीठाचा, अशी दुहेरी वाट पक्की झाली. जे घर या वाटेवर डोळा ठेवून होते, त्या घरात मराठी माध्यमाच्या अभ्यासाचा जोर टिकला.

निपाणीच्या तंबाखू वखारी आणि विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या मुलांची गोष्ट निराळी. तिथे पोरांचे हातही कमाईचे असत, म्हणून शाळा म्हणजे रोजचा तोटा. १९७६ च्या विडी कामगार कल्याण निधी कायद्यानंतर कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळू लागली. तिच्यासाठी पास होणे आणि आईकडे विडी कामगाराचे ओळखपत्र असणे, दोन्ही लागे. ओळखपत्रासाठीही युनियनला झगडावे लागले, त्यामुळे इथे शिष्यवृत्ती आणि कामगार चळवळ वेगळ्या काढता येत नाहीत.

१९८० च्या दशकात भाषेचा ताण शाळेच्या वेळापत्रकात शिरला. गोकाक समितीच्या शिफारशीनंतर माध्यमिक शाळेत कानडीला प्रथम स्थान देण्याचे धोरण आले आणि १९८६ मध्ये सीमाभागात कानडीसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले. २०१५ च्या कायद्याने कानडी ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकणे बंधनकारक झाले. कर्नाटकाच्या दहावीच्या, म्हणजे एस. एस. एल. सी.च्या, ६२५ गुणांत पहिली भाषा १२५ ची, बाकीचे पाच विषय शंभरचे. मराठी पहिली भाषा घेणाऱ्याला मोठ्या पेपरात हात मोकळा मिळतो, आणि कानडी मग शिकवणीत भरून काढावी लागते. व्यावसायिक प्रवेशात कर्नाटक कानडी माध्यमाच्या मुलांसाठी पाच टक्के जागा राखते, त्यांत मराठी माध्यमाचे मूल बसत नाही. उलट महाराष्ट्र सरकार वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांत काही जागा ठेवते. दोन सरकारांची ही दोन आमिषे, आणि त्यांच्यामध्ये दिवसेंदिवस फुगत जाणारे तिसरे आमिष म्हणजे इंग्रजी माध्यम. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शाळांवर मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती करता येणार नाही असा निकाल दिल्यावर, पालकांचा तिकडचा ओढा अडवायला कायद्याचा बांधही उरला नाही.

मराठी संस्थांनी याला दिलेले उत्तर बहुतांशी समारंभाचे आहे. दहावीच्या मुलांसाठी विषयवार व्याख्यानमाला, सराव परीक्षा, पहिलीत मराठी शाळेत येणाऱ्यांना दप्तर आणि वह्या, निकालानंतर गुणवंतांचा सत्कार. त्यांत राजकारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही: पटावरचे प्रत्येक नाव हा मराठी शाळा चालू राहण्याचा पुरावा असतो. राज्य सरकारनेही आपल्या परीने खाऊ दाखवला. दुपारचे जेवण, मोफत पुस्तके, २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली. सायकलीमुळे खेड्यातल्या मुलीची हायस्कूलची वाट मोकळी झाली, हा समारंभापेक्षा टिकाऊ लाभ म्हणावा लागेल.

परीक्षाच बदलली तर काय होते, हे २०२१ मध्ये दिसले. महासाथीमुळे महाराष्ट्राने दहावीची परीक्षा रद्द केली आणि अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावला. कर्नाटकाने मात्र जुलैमध्ये दोन दिवसांत, पर्यायी उत्तरांचे प्रश्न देऊन ती घेतली. कागलच्या मुलाने पेपर लिहिला नाही, निपाणीच्या मुलाने उत्तरपत्रिकेवरचे गोल रंगवले, आणि काही आठवड्यांनी दोघे अकरावीच्या प्रवेशासाठी एकाच कॉलेजच्या रांगेत उभे राहू शकत होते. २०२४ मध्ये कर्नाटकाने परीक्षा केंद्रांवर कॅमेरे लावले. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८३.८९ टक्क्यांवरून ७३.४० वर आला, तोही वाढीव गुण देऊन. नापासांना त्याच वर्षी आणखी दोनदा बसता येण्याची सोय झाली. एका नापासाने वर्ष फुकट जाण्याची जुनी भीती, जिच्यावर मुलकीपासून सगळी व्यवस्था उभी होती, ती त्यामुळे बरीच बोथट झाली.

अभ्यासाचा शत्रू म्हणून आता पालक आणि शिक्षक मोबाइलकडे बोट दाखवतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजवून टीव्ही आणि फोन बंद ठेवण्याचा नियम केला. शेजारच्या काही गावांनीही तो उचलला. २०२४ च्या अखेरीस बेळगाव तालुक्यातल्या हलगा ग्रामपंचायतीने तसाच भोंगा बसवला: सात ते नऊ घरातले टीव्ही आणि फोन बंद, मुलांनी वह्या उघडायच्या. शिक्षणातल्या बहुतेक गोष्टी सीमेवर अडकतात. हा नियम मात्र कोणत्याही सरकारच्या आदेशाशिवाय, एका ग्रामपंचायतीचे पाहून दुसऱ्या ग्रामपंचायतीने घेतला.